आधी पगार, मग सेवा

बसा. आज हिब्रूचा धडा होणार नाही. वह्या मिटा, फोन पिशवीत टाका आणि मी काय बोलते ते ऐका. एलूल महिना लागला आहे. रोश हशाना आणि योम किप्पूरच्या आधीचा हा महिना आपल्यात वर्षाचा हिशेब तपासण्याचा मानतात, आणि तुमचा हिशेब माझ्या हातात आला आहे. सिनेगॉगच्या ट्रस्टींनी तुमच्या सेवादिनाचा अहवाल माझ्याकडे अभिप्रायासाठी पाठवला. मी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. ट्रस्टींना काय कळवायचं ते मी नंतर कळवीन. आधी तुम्ही ऐकायचं, कारण काम तुमचं आहे आणि चुकाही तुमच्याच आहेत.

अहवाल देखणा आहे. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई. टी-शर्ट कुणी छापून दिले त्याचं नाव आहे, बस कुणी दिली त्याचं आहे, बिस्किटांची खोकी कुणाकडून आली तेही आहे. स्वयंसेवकांची नावं आडनावांसकट आहेत. ज्या वस्तीत तुम्ही गेलात तिथल्या एकाही माणसाचं नाव त्यात नाही. त्यांचे चेहरे मात्र आहेत. पानभर छापलेला एक फोटो आहे. एक म्हातारे गृहस्थ पिशवी घेताहेत. पिशवीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं तुमच्यातल्या तिघांच्या हातात, आणि तुम्ही तिघेही कॅमेऱ्याकडे बघताय. त्या गृहस्थांनी मान खाली घातली आहे. फोटो काढताना, निवडताना, छापताना तुमच्यापैकी एकालाही ती मान दिसली नाही? हा फोटो छापू का, असं त्यांना कुणी विचारलं होतं? मी चौकशी केली. कुणीही विचारलं नव्हतं.

मार उक्वाची गोष्ट तुम्हाला मीच शिकवली आहे. तल्मूदमधली आहे, परीक्षेलाही विचारली होती, आणि तुम्ही उत्तरं बरी लिहिली होती. मार उक्वाच्या शेजारी एक गरीब माणूस राहायचा. मार उक्वा रोज त्याच्या दाराच्या भोकात झूझची चार नाणी ठेवून निघून जायचा. देणारा कोण हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. एके दिवशी त्याने ठरवलं की आज बघायचंच. त्या दिवशी मार उक्वाला अभ्यासगृहात उशीर झाला होता आणि बायको त्याच्याबरोबर होती. दार हललं, माणूस बाहेर आला, तसे हे दोघे पळाले आणि जवळच्या एका भट्टीत शिरले. निखारे नुकतेच ओढून काढले होते. मार उक्वाचे पाय पोळायला लागले. बायको म्हणाली, तुमचे पाय माझ्या पायांवर ठेवा. तिचे पाय पोळत नव्हते. मार उक्वाला वाईट वाटलं, तेव्हा तिने त्याला कारण सांगितलं. ती घरी असते, दारी आलेल्याला तयार अन्न देते, त्याची भूक त्याच क्षणी भागते. पैसे मिळाले तरी माणसाला बाजारात जावं लागतं, रांधावं लागतं.

ही गोष्ट सांगून झाल्यावर मी तुम्हाला विचारलं होतं, दोघे पळाले का? तुम्ही लिहिलंत, नम्रतेमुळे. मी तेव्हा अर्धेच गुण दिले होते आणि तुम्ही कुरकुर केली होती. नम्रतेचा इथे संबंध नाही. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून ते पळाले. चारचौघांत एखाद्याला लाज आणण्यापेक्षा जळत्या भट्टीत उडी घेतलेली बरी, हा धडा तल्मूदने याच गोष्टीला जोडून दिला आहे. त्यासाठी तामारची आठवण काढली आहे. तोरातली तामार यहूदापासून गरोदर होती, त्यासाठी तिला जाळायला नेत होते, तरी तिने यहूदाचं नाव चारचौघांत घेतलं नाही. आपल्या ग्रंथात या गोष्टीला इतकं वजन आहे. आणि तुम्ही पिशवीभर शिध्यासाठी एका म्हाताऱ्या माणसाची लाज रंगीत छापून वाटलीत. अहवालाच्या जेवढ्या प्रती उरल्या असतील तेवढ्या उद्या माझ्याकडे आणून द्या. मोबाइलवर टाकलेले फोटो आज घरी जायच्या आधी काढून टाका.

आता दुसरी गोष्ट. ही मला जास्त लागली आहे.

सिनेगॉगची झाडलोट करणाऱ्या मावशींचा गेल्या महिन्याचा पगार बारा तारखेला झाला. का झाला? सेवादिनाच्या बससाठी आणि टी-शर्टांसाठी आगाऊ रक्कम द्यायची होती, खात्यात तेवढे पैसे नव्हते, म्हणून पगार मागे ठेवला. मोठ्यांनी ते होऊ दिलं, त्यांच्याशी मी वेगळं बोलणार आहे. पण आगाऊ रकमेच्या कागदावर तुमच्या गटाच्या प्रतिनिधीची सही आहे, आणि पगार थांबला हे तुमच्यातल्या चौघांना ठाऊक होतं. मावशींनी घरभाड्यासाठी शेजारणीकडून पैसे उसने घेतले. त्या दिवशी सकाळी तुम्ही बसमध्ये चढत होता, तेव्हा त्यांनीच तुमच्या पाण्याच्या बाटल्या भरून दिल्या.

मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण त्याचा जीव त्या पैशावर टांगलेला असतो, ही तोराची आज्ञा आहे. सल्ला नव्हे, आज्ञा. मजूर आपला असो की आपल्या गावात राहणारा परका असो, दोघांसाठी तीच. योम किप्पूरच्या सकाळी आपण यशया संदेष्ट्याचा उतारा वाचतो. उपास करणारे लोक देवाला विचारतात, आम्ही एवढे उपाशी राहिलो, तुझं लक्ष का नाही? संदेष्टा त्यांना सुनावतो की उपासाच्या दिवशीही तुम्ही आपला धंदा बघता आणि कामकऱ्यांना राबवता. दरवर्षी तुम्ही तो उतारा उपाशीपोटी, उभं राहून ऐकता. हिब्रू कळत नाही ही सबब इथे चालणार नाही. जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकातच आपल्या प्रार्थना मराठीत आणल्या, त्या तुम्हाला कळाव्यात म्हणून. माणूस ऐकतो आणि विसरतो, हे मला शिक्षिका म्हणून ठाऊक आहे. पण पगार अडवून सेवेला निघणं हा विसराळूपणा नाही. आपल्या दारातला माणूस दिसेनासा झाला की असं होतं, आणि तुम्हाला तो दिसेनासा झाला आहे.

तुम्ही म्हणाल, बाई, आम्ही वस्तीत जाऊन काहीतरी केलं तरी. इतर मुलं तेवढंही करत नाहीत. इतर मुलांना मी शिकवत नाही. तुम्ही काय केलंत ते बघू.

सगळ्यांना सारखी पिशवी दिलीत. तांदूळ, साखर, बिस्किटं, वही, पेन. ज्या घरात लहान मूल नाही तिथेही वही गेली, ज्या बाईला मधुमेह आहे तिलाही साखर गेली. वाटपाचं काम इतकं सोपं नाही. जुन्या काळी ज्यू गावांत अशा दोन व्यवस्था असत. एक कुप्पा, म्हणजे आठवड्याची पेटी. तिच्यातून दर शुक्रवारी गरजूंना पुढच्या आठवड्याचा खर्च मिळायचा. दुसरी तमहुई, रोजच्या जेवणाची. कुप्पाचे पैसे गोळा करायला दोघे लागत आणि वाटायला तिघे. वाटायला तिघे का? न्यायालयात तिघे बसतात म्हणून. कुणाला किती द्यायचं हा निवाडा आहे असं आपल्या पंडितांनी मानलं. निवाडा करायचा तर घरात किती माणसं, कोण आजारी, कुणाचं काम सुटलं, हे आधी ठाऊक हवं. तुम्ही बसमधून उतरल्यापासून पुन्हा बसमध्ये चढेपर्यंत कुणाच्या घरात बसलात? कुणाशी दोन शब्द बोललात?

एक जण बोलला, हे मला माहीत आहे. त्याने अहवालात एक ओळ लिहिली आहे. वस्तीतल्या काही बायकांनी त्याला सांगितलं की रेशनकार्डावर मुलांची नावं चढलेली नाहीत, काहींची नावं आधार जोडलं नाही म्हणून कमी झाली आहेत. ही ओळ ‘रहिवाशांशी संवाद’ या मथळ्याखाली आहे. तिच्याखाली पुन्हा तुमचा फोटो.

अरे, संपूर्ण अहवालात कामाची ओळ हीच एक आहे! २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला. तीन मुलांची नावं कार्डावर नसतील तर त्या घराचं महिन्याला पंधरा किलो धान्य जातं. दर महिन्याला जातं. तुमच्या पिशवीत तांदूळ किती होता? ती पिशवी आठवड्यात संपली. कार्डावर नाव चढलं असतं तर त्या घराला कुणापुढे हात पसरावा लागला नसता. त्यासाठी काय करावं लागतं? जन्मदाखला शोधायचा, आधार दुरुस्त करायचं, अर्ज भरायचा, शिधावाटप कार्यालयाच्या खेपा घालायच्या. साहेब नाहीत म्हटलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. खाडा झाला की त्या बायकांची मजुरी बुडते, म्हणून त्यांच्यानं हे होत नाही. तुम्ही कॉलेजात जाता, फॉर्म भरता येतो, इंग्रजी येतं, साहेबासमोर न घाबरता उभं राहता येतं. तुमच्याकडे देण्यासारखं नेमकं हेच होतं. ते तुम्ही परत घेऊन आलात आणि बिस्किटं देऊन आलात.

वह्यांचंही तेच. शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या आहेत. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, मुदत असते, सोडत असते. त्या वस्तीत किती आयांना हे माहीत आहे? तुमच्यातल्या किती जणांना माहीत आहे? हात वर करू नका, मला उत्तर ठाऊक आहे.

अहवालाच्या मुखपृष्ठावर तुम्ही रब्बी अब्राहम जोशुआ हेशेल यांचा फोटो छापलाय. सेल्मा, अलाबामा, मार्च १९६५. मार्टिन ल्युथर किंग यांच्याबरोबर पहिल्या रांगेत, गळ्यात फुलांचा हार. हा फोटो तुम्हाला आवडतो, कारण त्यात एक दाढीवाला रब्बी मोर्चात चालतो आहे. पण तो मोर्चा कशासाठी निघाला होता, हे तुमच्यातल्या एकाने तरी वाचलं का? मतदारयादीत नाव यावं म्हणून. सेल्मातल्या काळ्या लोकांना मतदार म्हणून नोंदवून घेत नसत. कचेरी मोजकेच दिवस उघडी, रांगा लांब, आत गेलं की नाना अडवणुकी, अवघड परीक्षा, आणि शेवटी नकार. लोक पुन्हा रांगेत उभे राहायचे. कित्येक महिने तिथल्या माणसांनी हे सोसलं, मार खाल्ला, तुरुंगात गेले, तेव्हा तो मोर्चा निघाला, आणि ऑगस्टमध्ये मतदानहक्काचा कायदा झाला. तिथे गेलेले हेशेल हे वॉर्सात जन्मलेले, नाझींनी जर्मनीतून हाकललेले, आई आणि बहिणी गमावलेले गृहस्थ होते. सरकारी यादीत नाव असणं आणि नसणं यात काय अंतर असतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. त्यांचा फोटो मुखपृष्ठावर छापायचा आणि आतल्या पानावर रेशनच्या यादीतून गळलेल्या नावांच्या ओळीखाली आपला फोटो चिकटवायचा, हे मी खपवून घेणार नाही. त्यांना मानत असाल तर शिधावाटप कार्यालयाच्या रांगेत उभे राहा.

आणि आपल्यातल्याच उदाहरणाकडे या, म्हणजे अमेरिकेपर्यंत जायला नको. डॉक्टर जेरूशा झिराड. पद्मश्री, १९६६. त्यापेक्षा जास्त तुमच्यापैकी कुणी सांगू शकलं नाही, मागच्या शनिवारी विचारलं होतं. सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जाऊन प्रसूतिशास्त्रात तज्ज्ञ झालेली ही आपल्या बेने इस्राएल समाजातली मुलगी १९२८ पासून १९४७ पर्यंत मुंबईच्या कामा हॉस्पिटलची प्रमुख होती. बाळंतपणं केली, शस्त्रक्रिया केल्या, मुलींना डॉक्टर केलं. एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तरी आपण त्यांचं नाव घेतलं असतं. पण या शहरातल्या बाया बाळंतपणात का मरतात, हा प्रश्न त्यांनी घेतला, मुंबईतल्या मातामृत्यूंच्या कारणांचा शोध घेतला आणि १९४१ मध्ये त्याचा अहवाल छापला गेला. तुमच्या अहवालाच्या शेजारी तो ठेवून बघा. समोरच्या बाईवर उपचार करणं ही सेवा झाली. ती या अवस्थेत माझ्यापर्यंत का आली, हे विचारून त्या कारणामागे लागणं हे न्यायाचं काम. झिराडबाईंनी दोन्ही केलं, आणि दवाखान्याच्या कामातून वेळ काढून १९२५ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन सुरू केली, लोकांना प्रार्थना कळावी म्हणून. प्रार्थना एकीकडे आणि समाजाचं काम दुसरीकडे, अशी वाटणी त्यांनी केली नाही. ती तुम्ही केली आहे. तुमच्यातले काही जण सेवादिनाला येतात आणि शब्बाथला येत नाहीत. काही जण शब्बाथला न चुकता येतात आणि प्रार्थना संपल्यावर मावशींच्या अंगावरून जाताना मानही वळवत नाहीत.

आपण मूठभर आहोत, आपल्याने काय होणार, हे रडगाणं माझ्यापुढे गाऊ नका. मोठे झाल्यावर तुम्हाला ते फार सोयीचं वाटेल, म्हणून आत्ताच सांगते. कोकणात घाण्यावर तेल गाळणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनिवार तेल्यांची आपण नातवंडं-पतवंडं. त्यांच्यातल्या हाईम सॅम्युअल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत शाळा काढली, तेव्हाही आपण मूठभरच होतो. रिबेका रूबेन १९२२ पासून १९५० पर्यंत तिच्या मुख्याध्यापिका होत्या. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच, आणि आज तिच्यात शिकणारी बहुतेक मुलं ज्यू नाहीत. महालक्ष्मी-वरळीच्या ज्या रस्त्याने तुम्ही जाता, त्या ई. मोझेस रस्त्याचे डॉक्टर एलायजा मोझेस १९३७ साली या शहराचे महापौर झाले. यांच्यापैकी कुणीही आधी माणसं मोजली आणि मग काम केलं असं झालं नाही. या मातीने आपल्याला ज्यू म्हणून कधी छळलं नाही, हे परदेशी पाहुणे आले की तुम्ही अभिमानाने सांगता. सांगा, खरंच आहे. पण शेकडो वर्षं ज्यांनी शेजार दिला त्यांचं आपण काही देणं लागतो, हेही त्याच दमात सांगता आलं पाहिजे, आणि ते वर्षातून एका सकाळी फिटत नाही.

न्याय हा शब्द तुमच्या टी-शर्टवर मोठ्या अक्षरांत आहे, तेव्हा आणखी एक विषय काढावाच लागेल. तो काढला की मोठी माणसं विषय बदलतात. आपल्यातच गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल होते. मिश्र संबंधांतून जन्मलेल्यांना काळे म्हणून बाजूला ठेवायचं, त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार करायचा नाही, ही आपली रीत होती, आपल्याच घरांतली. तिकडे बगदादी ज्यूंनी आपल्याला तसंच वागवलं. दफनभूमीत त्यांच्या आणि आपल्या कबरींमध्ये भिंत घालावी असा अर्ज १८३६ मध्ये त्यांनी सरकारकडे केला. पुढे इस्राएलमध्ये गेलेल्या आपल्या माणसांना लग्नाआधी आईच्या घराण्याची चौकशी होईल असं धर्मपीठाने सांगितलं, तेव्हा आपली साधी कामगार माणसं १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसली, आणि धर्मपीठाला तो नियम बदलावा लागला. आपल्यावर झालेला अन्याय आपल्याला तारखेसह पाठ आहे. आपण केलेला आठवत नाही.

आठवण करून देते. तुमच्या गटात एक मुलगी येते, तिची आई ज्यू नाही. मी तिचं नाव घेणार नाही आणि तुम्हीही आत्ता तिच्या खुर्चीकडे वळून बघायचं नाही. तिला आदल्या रात्री पिशव्या भरायला बोलावलंत. दुसऱ्या दिवशी बसमध्ये जागा नाही असं सांगितलंत. बसमध्ये जागा होती, फोटोत मागची बाकं रिकामी दिसताहेत. हे कुणी ठरवलं ते मला ठाऊक आहे, आणि ज्याने ठरवलं त्यालाही ठाऊक आहे की मला ठाऊक आहे. आज संध्याकाळी त्याने तिच्या घरी जाऊन माफी मागायची. देवाच्या बाबतीत केलेल्या चुकांना योम किप्पूर आहे. माणसाच्या बाबतीत केलेल्या चुकांना योम किप्पूर पुरत नाही, आधी त्या माणसाकडे जावं लागतं. हे तुम्ही सातवीत शिकलात.

आता आपल्या म्हाताऱ्यांकडे येते. या सिनेगॉगच्या वहीत अशा आज्यांची नावं आहेत, ज्यांची मुलं लोद, अश्दोद, डिमोनाला गेली. सून फोन करते, नातू व्हिडिओवर हिब्रूत बोलतो, आजीला त्यातलं अर्धंही कळत नाही. पैसे येतात, संस्था औषधांचं बघते. पण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, गुडघे धरून बसलेल्या आजीला केस कुणी विंचरून द्यायचे? बल्ब गेला तर स्टुलावर कोण चढणार? मागच्या पावसाळ्यात एक आजी घरात पडल्या आणि दुधवाल्याने दुसऱ्या दिवशी दार ठोठावलं तोवर पडून होत्या. त्यांचं घर इथून चालत पाच मिनिटांवर आहे. तुम्ही त्याच रस्त्याने क्लासला जाता.

रब्बी अकिवाचा एक शिष्य आजारी पडला. विद्वान मंडळींपैकी कुणी त्याला बघायला गेलं नाही. अकिवा गेला. त्याने काय केलं? मोठा पंडित होता, प्रवचन दिलं असेल, प्रार्थना म्हटली असेल? त्याच्यामुळे खोली झाडली गेली आणि जमिनीवर पाणी शिंपडलं गेलं. शिष्य बरा झाला, आणि आपला जीव कशामुळे वाचला हे त्याने स्वतःच अकिवाला सांगितलं. बाहेर येऊन अकिवाने शिकवलं की आजाऱ्याला बघायला न जाणं म्हणजे रक्त सांडण्यासारखं आहे. ही गोष्ट पुढे सांगितली गेली तीसुद्धा कानउघाडणी म्हणूनच. रब्बी हेल्बो आजारी होते, कुणी फिरकेना, तेव्हा रब्बी कहानाने बाकीच्यांना ही गोष्ट ऐकवली. म्हणजे विद्वानांनाही हे खडसावून सांगावं लागलं होतं. मग तुम्हाला सांगताना मी आवाज का कमी करू?

खोली झाडण्याचा फोटो चांगला येत नाही. ते दर आठवड्याला करावं लागतं. आजी चिडचिड करतात, तेच तेच सांगतात, तुमची परीक्षा असते तेव्हाच त्यांना ताप येतो. म्हणून तुम्ही ते टाळता आणि एका दिवसाचा कार्यक्रम करता. मला राग याचाच आहे. तुमच्यात दया नाही असं मी म्हणत नाही. दया आहे, मी तुम्हाला लहानपणापासून पाहते आहे. तुमच्यात सातत्य नाही, आणि सातत्याशिवाय ती दया दुसऱ्याच्या काही उपयोगाची नाही. आपले धर्मशास्त्रकार रांबाम यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर त्या माणसाला ठेवलं, जो दुसऱ्याला काम देतो, कर्ज देतो, भागीदारीत घेतो, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही. त्या पायरीवर एका दिवसात कुणी चढत नाही.

आता कामाचं बोलते, लिहून घ्या. पुढच्या वर्षीच्या टी-शर्टांसाठी जमवलेले पैसे खजिनदारांकडे वेगळे ठेवायचे. मावशींचा पगार एक तारखेला त्यातून झाला नाही असं पुन्हा एकदाही होता कामा नये, आणि त्यांना वर्षाला पगारवाढ आणि आठवड्याची सुट्टी मिळते की नाही हे ट्रस्टींना विचारायला तुमच्यातले दोघे माझ्याबरोबर येतील. वस्तीतल्या ज्या बायकांनी रेशनकार्डांचं सांगितलं, त्यांच्याकडे ज्याने ती ओळ लिहिली तोच परत जाईल, बरोबर एक जण घेऊन, कॅमेरा न घेता, आणि कुणाचं काय अडलं आहे ते त्यांना विचारून त्यांच्या शब्दांत लिहून आणील. एका घराचं काम पुरं होईपर्यंत दुसरं घर हाती घ्यायचं नाही. आजींची यादी मी केली आहे. प्रत्येक घराला दोन जण, ठरलेला वार, ठरलेली वेळ. एकाला जमलं नाही तर दुसऱ्याने जायचं. दोघांनाही जमलं नाही तर मला फोन करायचा, मी जाईन. वहीत तारीख आणि काय केलं एवढंच लिहायचं. आजींचं कुठलंही दुखणं, कुठलीही घरची गोष्ट त्या वहीच्या बाहेर जाणार नाही.

योम किप्पूरला आपल्या आज्या दारफळणीचा सण म्हणायच्या आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. शिळ्या सणाला गोरगरिबांना दान द्यायचं आणि एकमेकांच्या घरी जायचं, असा आपला जुना रिवाज होता. कोकणातल्या खेड्यांत राहणाऱ्या, एक अक्षर हिब्रू न कळणाऱ्या आपल्या माणसांनी तो पाळला. यंदा शिळ्या सणापासून हे काम सुरू होईल.

यादी फळ्याशेजारी लावली आहे. दर आठवड्याला येणं जमणार असेल त्यानेच तिच्यावर नाव लिहावं. जमणार नसेल तर लिहू नका, त्याबद्दल मी कुणाला बोलणार नाही. नाव लिहून जो येणार नाही, त्याला मात्र मी घरी येऊन विचारीन.